दुसऱ्या तासाला दुखणारं पोट : ऊसतोडीच्या हंगामातलं एक प्रकरण

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतलं आहे. आठवीपर्यंतची शाळा, पट शंभरच्या आत. मी तिथं विज्ञान शिकवते आणि ज्या वर्षीची ही गोष्ट आहे त्या वर्षी आठवीची वर्गशिक्षिका होते. पोराचं नाव इथं माऊली ठेवलंय, ते खरं नाही, घरच्या काही बारीक गोष्टीही बदलल्यात म्हणजे कुणी ओळखू नये, पण जे दिसलं आणि जे केलं ते तसंच लिहिलंय. लिहायचं कारण असं की मुलांच्या मनाचा विषय निघाला की आपल्याकडं "आमच्या शाळेत काउन्सेलर कुठंय" एवढं बोलून सगळे गप्प होतात, आणि रोज सहा-सात तास ज्या माणसासमोर ते लेकरू बसलेलं असतं त्या शिक्षकाला काय काय करता येतं हे बोलायचंच राहून जातं.

माऊलीचं घर

माऊली तेरा वर्षांचा. घरी आजी, आजोबा आणि तिसरीतली बहीण. आजोबांना दमा, थंडीत रात्र रात्र बसून काढायचे. आईबाप दोघं ऊसतोडीला. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही पण बाहेरच्यांसाठी सांगते, दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात, मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली माणसं सांगली-सातारा-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात कारखान्यांवर जातात, नवराबायको मिळून एक कोयता धरतात, आणि मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येतात. उचल आधी घेतलेली असते, ती तोडणीतून फेडायची असते, त्यामुळं मधेच घरी यायचं म्हणजे कर्ज डोक्यावर तसंच ठेवून यायचं. लेकरं एकतर कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीवर, सोबत जातात आणि शाळा बुडते, नाहीतर म्हाताऱ्यांजवळ राहतात. राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृह असतं, त्यातून जेवणाची सोय होते आणि त्यानं खरंच खूप लेकरांची शाळा वाचलीय. पण जेवण मिळालं म्हणजे आईबापाची जागा भरली असं होत नाही.

त्या वर्षी माऊलीच्या वडिलांनी लाखाच्या वर उचल घेतली होती. काही आजोबांच्या दवाखान्याला गेली, काही बोअरला, आणि बोअरला पाणी लागलं नाही. हे सगळं माऊलीला माहीत होतं. आपल्याला वाटतं पोरांना पैशातलं काय कळतंय, पण दोन खोल्यांच्या घरात मोठी माणसं रात्री जे बोलतात ते सगळं पोरं अंथरुणात पडून ऐकत असतात.

पोरगं हुशार, गणितात विशेष. एनएमएमएसची तयारी चालू होती, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या आठवीच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते, तिच्या यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. गणिताच्या सरांना त्याच्याकडून सगळ्यात जास्त आशा होती.

दिवाळीनंतर काही दिवसांतच कारखान्यावर उसाची ट्रॉली भरताना वडील वरून पडले आणि पाय मोडला. तिकडंच ऑपरेशन झालं. ते कोपीवर पडून, आई दुसऱ्या एका बाईसोबत तोडणीला. हे गावात सगळ्यांना कळालं होतं, शाळेतही.

वर्गात काय दिसत होतं

उदास पोरगं म्हणजे कोपऱ्यात बसून रडणारं पोरगं असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. माऊली एकदाही वर्गात रडला नाही. तो बाकावर डोकं टेकवून पडायला लागला. अक्षर बारीक झालं, मग गृहपाठाची पानं कोरी यायला लागली. एका पोरानं कबड्डीत काहीतरी बोललं म्हणून त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर लोटलं, हा तोच माऊली ज्याच्याबद्दल पाच वर्षांत कुणी तक्रार केली नव्हती. आणि जवळजवळ रोज पोट. "मॅडम, पोटात दुखायलंय. घरी जाऊ का?" चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, म्हणजे बहाणा वाटावा असं काही त्यात नव्हतं.

सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत यावर दोन मतं पडली. एक मत होतं, नाटक करतंय, अभ्यास टाळायलंय, चार दिवस उभं करा वर्गात म्हणजे ठीक होईल. दुसरं मत प्रेमाचं होतं, बिचाऱ्याचा बाप पडलाय, जाऊ द्या घरी, काही विचारू नका. मला दोन्ही पटत नव्हतं. उभं करायचं तर प्रश्नच नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही स्पष्ट बंदी आहे आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्याच्या पोटात भीतीनं गोळा येतोय त्याला चाळीस डोळ्यांसमोर उभं केलं तर तो गोळा जाणार कसा. पण दुसरं मत मला जास्त धोक्याचं वाटतं कारण ते चांगुलपणाचा वेष घालून येतं. पोट दुखलं की घरी पाठवलं, की पोट थांबतं, हे शरीर शिकतं. उद्या आणखी लवकर दुखतं. परवा शाळेच्या फाटकातच दुखतं. भीती ज्या जागेची बसलीय ती जागा टाळत गेलं की भीती वाढत जाते, हे मानसोपचारातलं अगदी मूलभूत तत्त्व आहे. शिवाय "बिचारा" म्हणून गृहपाठ माफ, प्रश्न माफ, परीक्षा माफ केली की पोराला कळतं, यांनी माझ्यावरचा भरवसा सोडला. ऊसतोडीच्या घरच्या लेकरांना गावात बिचारं म्हणणारे भरपूर असतात, शाळेत तरी आणखी एक कशाला.

मग मी माझ्यापुरतं ठरवलं, माऊलीला वर्गात उघडं पाडायचं नाही आणि त्याला सोडूनही द्यायचं नाही. पुढचं सगळं या दोन गोष्टी एकत्र कशा सांभाळायच्या याचंच आहे.

नोंद ठेवली

सगळ्यात आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घेतलं. हे कधीच वगळू नये, मनाचं आहे मनाचं आहे म्हणत खरा आजार राहून जायला नको. डॉक्टरांनी पोट तपासलं, रक्त-लघवी बघितली, काही निघालं नाही.

मग मी एका साध्या वहीत लिहायला सुरुवात केली. तारीख, वेळ, काय दिसलं, त्याच्या आधी वर्गात काय चाललं होतं, नंतर काय झालं. एवढंच. "आळशी", "हट्टी", "डिप्रेशन" असले शब्द वहीत लिहायचे नाहीत असं ठरवलं होतं कारण एकदा तो शब्द लिहिला की मग आपण पोराकडं बघत नाही, शब्दाकडं बघतो. "डोकं बाकावर, विचारल्यावर उचललं, डोळे लाल" असं लिहायचं. डोळ्यांनी दिसेल तेवढंच.

थोड्याच दिवसांत त्या वहीत एक गोष्ट ढळढळीत दिसायला लागली. पोट बहुतेक वेळा दुसऱ्या तासालाच दुखत होतं. विषय कुठलाही असो, सोमवारी माझा विज्ञानाचा तास असायचा, मंगळवारी गणित, पोट दुसऱ्याच तासाला. म्हणजे गणित टाळतोय हे म्हणणं तिथंच संपलं. शनिवारी सकाळची शाळा असते, दुसऱ्या तासाची वेळ वेगळी, पण तरी दुसराच तास. आणि दुसरी गोष्ट, वर्गाच्या दारात कुणी बाहेरचं पोरगं येऊन उभं राहिलं, वहीवर सही घ्यायला, खडू मागायला, की माऊलीचा हात पोटावर जायचा.

वडील पडल्याचा फोन शाळेत आला होता. कुणीतरी पाचवीतल्या पोराला निरोप घेऊन पळत पाठवलं आणि ते दारातूनच मोठ्यानं सांगून गेलं, "माऊलीचा बाप पडला, फोन आलाय." तो दिवस मी हजेरीवरून काढला, त्या दिवशी तो दुसऱ्या तासानंतर घरी गेल्याची नोंद होती. रोज तो तास आला, दारात कुणी आलं, की पोराचं शरीर त्याच बातमीची वाट बघायला लागायचं, आणि त्याला स्वतःला हे असं जोडलेलं आहे याचा पत्ताही नव्हता.

मला वाटतं शिक्षकाच्या हातात सगळ्यात मोठी ताकद हीच आहे. कुठल्याही डॉक्टरला पोरगं अर्धा तास दिसतं. आपल्याला ते रोज, त्याच जागेवर, त्याच वयाच्या बाकीच्या पोरांच्या शेजारी दिसतं. बदल आपल्यालाच पहिल्यांदा कळू शकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळपास निम्मे १४ वर्षांच्या आत सुरू झालेले असतात, म्हणजे आपल्या पाचवी ते आठवीच्या वर्गात.

बोलणं कसं झालं

मी त्याला ऑफिसात बोलावलं नाही. ऑफिसात बोलावणं म्हणजे पोरांच्या भाषेत काहीतरी केलंय. प्रयोगाचं साहित्य कपाटात लावायला मला नेहमी दोघंतिघं लागतात, त्यात त्याला घेतलं, बाकीचे गेल्यावर व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी बसलो. हाताला काम असलं की या वयातली पोरं बोलतात, डोळ्यात डोळे घालून बसवलं की गप्प होतात. बीकर पुसता पुसता मी म्हणाले, "माऊली, दुसऱ्या तासाला तुझ्या पोटात दुखतं हे मला दिसतंय. ते खोटं नाही हेही मला माहिताय. दारात कुणी आलं की जास्त होतं का रं?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "मॅडम, मला वाटतं परत फोन आला."

पुढचं तुकड्या-तुकड्यानं आलं. रात्री झोप लागत नाही, आजोबांचा खोकला थांबला की हा उठून श्वास चालू आहे का बघतो. बहीण आईसाठी रडते म्हणून तिला जवळ घेऊन झोपतो. आजीचा मोबाईल वाजला की छातीत धडधडतं, आणि नाही वाजला तरी धडधडतं. घरात किंवा बाहेर कुणी मारतंय का, कुणी नको तसा हात लावतंय का, हेही मी सरळ विचारलं. वारंवार पोट दुखणाऱ्या लेकराला हे विचारायलाच पाहिजे, तसं काही निघालं तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि तिथं शाळेचं नाव, गावाचं नाव असलं काही मधे आणायचं नसतं. तसं काही नव्हतं.

मी त्याला "काळजी करू नको, सगळं ठीक होईल" असं म्हणाले नाही. मला काय माहीत सगळं ठीक होईल म्हणून. "तू एकट्यानं फार ओझं उचलतोयस, आता शाळेत काय बदलायचं ते आपण दोघं ठरवू" एवढं म्हणाले आणि त्याला विचारलं, काय केलं तर तुला वर्गात बसवेल. त्याची पहिली मागणी होती, "दारातून कुणी माझं नाव नका घेऊ."

वर्गात काय बदललं

त्याची ही मागणी आम्ही सगळ्या शाळेला लावली. कुठल्याही मुलाचा घरून फोन आला तर निरोप पोराबरोबर पाठवायचा नाही, मोठ्या माणसानं घ्यायचा आणि सुट्टीत त्या मुलाला ओळखीच्या शिक्षकानं बाजूला घेऊन सांगायचा. तातडीचं असेल तर वर्गशिक्षिका स्वतः जाईल. मुख्याध्यापकांनी हे एका दिवसात चालू केलं, पैसा लागला नाही, परवानगी लागली नाही. ज्या गावात अर्धी लेकरं आईबापापासून लांब राहतात तिथं ही पद्धत आधीपासून असायला पाहिजे होती असं आम्हाला सगळ्यांनाच वाटलं.

दुसऱ्या तासाच्या सुरुवातीला दोन मिनिटं सगळ्या वर्गाचा श्वास. चार आकडे घेताना, सहा आकडे सोडताना. सोडणं लांबवलं की धडधड उतरते. हे फक्त माऊलीसाठी आहे असं कुणालाच कळालं नाही कारण सगळे करत होते, आणि खरं सांगायचं तर त्या वर्गात आणखी कितीतरी लेकरं होती ज्यांना त्याची गरज होती, मागच्या बाकावरची एक मुलगी डोळे मिटायची ती पुढची पाच मिनिटं उघडायचीच नाही. पहिली ते आठवीला २०२४ पासून आनंददायी शनिवार आलाय, त्यात असलं काही बसवायला जागा आहे, पण आठवड्यातून एकदा केलेल्या श्वासानं मंगळवारच्या दुसऱ्या तासाला काही होत नाही, रोज पाहिजे.

आणि कंपास. पोटात गोळा यायला लागला की त्यानं कंपासपेटी बाकाच्या कोपऱ्यावर उभी ठेवायची, शिक्षकानं मान हलवायची, त्यानं उठून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, तोंड धुवायचं आणि परत येऊन बसायचं. घरी जायचं नाही. विचारायचं नाही, सांगायचं नाही, कुणाचं लक्ष जात नाही. सुरुवातीला तो टाकीजवळ बराच वेळ थांबायचा. एकदा फाटकापर्यंत गेला आणि तिथं उभा राहिला, मी खिडकीतून बघत होते, बाहेर गेले नाही, तो आपणच परत आला. ते दहा-बारा मिनिटं वर्ग चालू ठेवून बसणं मला फार अवघड गेलं पण तो स्वतः परत येणं महत्त्वाचं होतं, मी हात धरून आणण्यापेक्षा.

गणिताच्या सरांचं मला विशेष लिहायचंय. नाटक करतंय म्हणणाऱ्यांत ते होते. वहीतला दुसऱ्या तासाचा प्रकार मी त्यांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ पानं उलटत बसले आणि मग त्यांनीच दोन गोष्टी काढल्या. एक, रोज तासाच्या सुरुवातीला फळ्याच्या कडेला आज काय काय होणार ते क्रमानं लिहायला लागले, उजळणी, नवीन उदाहरण, तोंडी प्रश्न कुणाला. ज्या पोराला पुढच्या मिनिटाला काय होईल याची धास्ती आहे त्याला तासाचा क्रम आधी कळला की त्यातली बरीचशी उतरते. दुसरं, पंधरा गणितांऐवजी पाच द्यायची, पण त्या पाचात सगळ्यात अवघड गणित असायलाच पाहिजे. ही गोष्ट मला अजून कुणी इतकी नीट सांगितली नव्हती. काम कमी करायचं, कस कमी करायचा नाही. ज्या दिवशी माऊलीनं ते अवघड गणित सोडवून आणलं त्या दिवशी सरांनी वर्गात शाबासकी दिली नाही, वहीत फक्त "दुसरी रीत बघ, आणखी सोपी आहे" असं लिहिलं, आणि पोरगं दुसरी रीत शोधत बसलं.

कबड्डीतल्या भांडणाचंही बघावं लागलं. त्या पोरानं "लंगड्याचं पोरगं" म्हटलं होतं. माऊलीनं हात उचलला ते चुकीचं होतं आणि त्याबद्दल त्याला त्या पोराशी बोलायला लावलं, सूट नाही. पण परिपाठात आम्ही नाव न घेता एक विषय घेतला, हंगामात घरी राहिलेली लेकरं काय काय कामं करतात, आणि पोरांनी स्वतः सांगायला सुरुवात केली, कुणी शेळ्या बघतं, कुणी भावाला आंघोळ घालतं. चिडवणारं पोरगंही बोललं. त्याची आईही कोयत्यावर होती.

वहीतलं वाक्य

हे सगळं चालू असताना, बरं होतंय असं वाटायला लागलेलं असताना, निबंधाच्या वहीत शेवटच्या पानावर एक ओळ सापडली. "मी नसतो तर पप्पांना एवढी उचल घ्यावी लागली नसती."

असं वाक्य दिसलं की त्याच दिवशी विचारायचं, उद्यावर ढकलायचं नाही. आणि आडून विचारायचं नाही. पुष्कळ शिक्षकांना वाटतं जीव द्यायचं नाव काढलं तर पोराच्या डोक्यात ते नसलेलं भरेल. तसं होत नाही, जगभरातले या क्षेत्रातले तज्ज्ञ हेच सांगतात, उलट कुणीतरी सरळ विचारलं की मनावरचा दाब कमी होतो. मी त्याला विचारलं, "माऊली, तुला कधी मरून जावं असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" तो म्हणाला, "कधी कधी वाटतं. करणार नाही मी. बहीण हाय ना."

मी त्याला ओरडले नाही, आईबापाचं काय होईल असलंही बोलले नाही, ते ओझं त्याच्यावर आधीच होतं. सांगितलंस ते बरं केलंस म्हणाले. आणि हेही तेव्हाच सांगितलं की ही गोष्ट मी माझ्यापाशी ठेवणार नाही, पण कुणाला सांगायची आणि कशी ते तुझ्यासमोर ठरवू. "कुणाला सांगणार नाही" असं वचन अशा वेळी कधीच देऊ नये, ते पाळता येत नाही आणि पाळूही नये.

त्या दिवशी शाळा सुटायच्या आत तीन गोष्टी झाल्या. मुख्याध्यापकांना सांगितलं. चुलत्याला बोलावून घेतलं, तो गावातच असतो, समजूतदार माणूस, त्याला सांगितलं की आजपासून पोरगं एकटं झोपणार नाही आणि घरात फवारणीचं जे काही औषध असेल ते आजच बाहेर काढून तुमच्याकडं कुलपात ठेवा. आमच्या भागात हे पहिलं बघायचं असतं. दुःखाचा झटका बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो आणि त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. तिसरं, १४४१६ ला फोन लावला. ही टेली मानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेची, लाईन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलतात. स्पीकरवर ठेवून माऊली, चुलता आणि मी बसलो. पलीकडच्या माणसानं आधी माऊलीशी बोलून घेतलं, घाई केली नाही, मग चुलत्याला काय लक्ष ठेवायचं ते सांगितलं आणि प्रत्यक्ष दाखवा असं म्हणाले.

इथं शिक्षकाचं काम कुठं संपतं ते नीट कळायला पाहिजे. मी विज्ञानाची शिक्षिका आहे. मला पोराच्या मनावर उपचार करता येत नाहीत आणि मी तसा प्रयत्न करणं त्याच्यावर अन्याय आहे. मला ओळखता येतं, ऐकता येतं, पोचवता येतं आणि परत आल्यावर वर्गात जागा करून देता येते. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्यात, त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक पाहिजे आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायला पाहिजे असं आहे. आमच्यासारख्या कमी पटाच्या शाळांसाठी दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. ऐन वेळी नंबर शोधत बसायला लागू नये. ग्रामीण रुग्णालयातलं किशोरांसाठीचं मैत्री क्लिनिक कुठल्या वारी असतं, जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा माणूस कोण, हे जून महिन्यातच वर्गशिक्षकाच्या डायरीत लिहिलेलं असावं.

आजी

आजीला वाटत होतं पोराला बाहेरचं झालंय. "बाई, रात्रीचं दचकून उठतंय, बापाच्या नावानं हाका मारतंय. अंगारा लावलाय म्या." गावातल्या देवऋष्याकडं दोनदा नेऊन आणलं होतं. आपण शिकलेली माणसं इथं फार घाई करतो, अंधश्रद्धा म्हणून आजीला झिडकारतो आणि मग घराचं दार बंद होतं. आजी त्याच्यावर जीव टाकत होती, तिला जे माहीत होतं ते ती करत होती. मी म्हणाले, "आजी, अंगारा असू द्या कपाळाला. पण उपाशी ठेवायचं, मारायचं, धुरी द्यायची असलं काही कुणी सांगितलं तर करू नका. आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यात एकदा दाखवून आणू." स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय म्हटल्यावर आजी तयार झाली कारण आजोबांचा दमा तिथंच दाखवलेला. "पण त्याच्या मायला सांगू नका. ती काम टाकून यील. उचल कोण फेडायचं?"

आईबापाला न कळवता नेणं बरोबर नव्हतं, अल्पवयीन मुलाच्या उपचाराला पालकाची संमती लागते आणि त्याहून म्हणजे आईला हक्क आहे. फोन चुलत्यानं लावला, मी बोलले. पोरगं वेडं झालंय असं तिच्या मनात येऊ नये म्हणून आधीच सांगितलं की त्याला भीती बसलीय आणि झोप उडालीय, यावर उपचार आहे. आई थोडा वेळ काहीच बोलली नाही, मागून कोयत्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "न्या मॅडम. आन् मला रोज सांगा."

रोज शक्य नव्हतं आणि रोजचा फोन त्या घराला चाललाही नसता, फोनचीच तर भीती. म्हणून बुधवारी शाळा सुटल्यावर ठरलेल्या वेळी फोन असं लावलं. माऊली आणि त्याची बहीण दोघं माझ्या फोनवरून आईशी बोलायचे, वडील असतील तर वडिलांशी. वेळ चुकवायची नाही. आईला एकदा उशीर होणार होता तर तिनं मुकादमाच्या फोनवरून आधी कळवलं. फोन म्हणजे वाईट बातमी हे पोराच्या डोक्यातून काढायला हा एक फोन फार कामाला आला असं मला वाटतं. वडिलांनी एका बुधवारी कुबडी घेऊन उभा राहिलेला फोटो पाठवला, तो त्यानं बराच वेळ मोठा करून बघितला.

अंबाजोगाईला डॉक्टरांनी तपासलं, सध्या गोळ्या नको म्हणाले, ठरावीक दिवसांनी समुपदेशनाला बोलावलं. चुलता घेऊन जायचा. त्या दिवसाची हजेरी, बुडलेला अभ्यास, हे आम्ही बघायचो, वर्गात "दवाखान्यात गेलाय" एवढंच. आजोबांच्या रात्रीच्या खोकल्यावर दुसरं औषध मिळालं आणि चुलता रात्री तिथं झोपायला लागला. माऊलीच्या झोपेवर याचाही परिणाम झाला असणारच. लेकराच्या मनाचा इलाज कधी कधी म्हाताऱ्याच्या दम्यात असतो.

मार्चपर्यंत

एनएमएमएसची परीक्षा त्यानं दिली. द्यायची का नाही हे त्याच्यावर सोडलं होतं, आठवडाभर विचार करून देतो म्हणाला. यादीत नाव आलं नाही. सरांना मनातून लागलं पण त्यांनी त्याच्यासमोर ते काढलं नाही, दुसऱ्याच दिवशी नेहमीची पाच गणितं दिली.

जानेवारी संपेपर्यंत कंपास उभी राहणं बरंच कमी झालं. पूर्ण थांबलं नाही. फेब्रुवारीत शाळेच्या दारात एक रुग्णवाहिका थांबली, लसीकरणाची गाडी होती ती, पण त्या दिवशी तो टाकीजवळ जाऊन उलटी करून आला आणि त्यानंतरचे काही दिवस पुन्हा कठीण गेले. असं होतं. सरळ रेषेत बरं कुणीच होत नाही आणि शिक्षकानं "झालं ना आता बरं" म्हणून सगळ्या सोयी लगेच काढून घेऊ नयेत. झोप अजून मधेच मोडते. भांडण परत झालं नाही. वार्षिक परीक्षेत मार्क पहिल्यासारखे नव्हते पण सगळ्या विषयांचे पेपर त्यानं पूर्ण वेळ बसून लिहिले, दुसऱ्या तासाच्या वेळेचेही.

पट्टा पडला, आईबाप आले. वडील अजून लंगडतच चालतात. उचल फिटली नाही, पुढच्या हंगामाची त्यातच धरलीय, म्हणजे दसऱ्यानंतर आई पुन्हा जाणार हे नक्की.

आमची शाळा आठवीपर्यंतच, नववीला तो शेजारच्या गावच्या हायस्कूलात गेला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर यातलं काही लिहिता येत नाही आणि लिहूही नये. पण काहीच न सांगता पाठवलं तर तिथं पुन्हा कुणीतरी दारातून त्याचं नाव घेणार. मी माऊलीला आणि त्याच्या आईला विचारलं, तिथल्या वर्गशिक्षिकेला काय सांगू. माऊली म्हणाला कंपासचं सांगा, फोनचं सांगा, वहीतलं वाक्य नका सांगू. त्यावर आम्ही तिघं बराच वेळ बोललो. शेवटी असं ठरलं की वाक्य सांगायचं नाही, पण अंबाजोगाईचा इलाज चालू आहे, पुढची तारीख कोणती आणि काही वेगळं दिसलं तर चुलत्याला त्याच दिवशी फोन करायचा, एवढं वर्गशिक्षिकेला आणि फक्त तिलाच सांगायचं. त्या मॅडमला मी माऊलीसमोरच भेटले. त्यांनी चुलत्याचा नंबर, १४४१६ आणि बुधवारची वेळ डायरीत उतरवून घेतली, आणि मग माऊलीला विचारलं, "बुधवारी आमच्याकडं शेवटचा तास खेळाचा असतो. फोन त्याच्या आधी ठेवू का नंतर?"